तेवढ्याच ओळींत

“उदाहरणाशिवाय उत्तर म्हणजे खुंटीशिवाय भिंत, परीक्षक तिच्यावर मार्क अडकवणार कुठे?” असं ते एकदा म्हणाले होते.

एरवी ते फारसं काही म्हणत नसत. म्हणूनच छापखान्यातली आम्ही मंडळी त्यांना पाठीमागे सविस्तरराव म्हणायचो. तोंडावर ‘सर’. कॉलेजच्या मुलांसाठी गाइडं काढणाऱ्या त्या प्रकाशनात मी प्रुफं तपासायचो आणि ते उत्तरं लिहायचे. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्राचे सोपे पेपर. प्रश्न कुठल्याही दिशेनं येवो, उत्तर त्यांच्याच टेबलावरून निघायचं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मात्र ‘अनुभवी प्राध्यापक मंडळ’ असं छापलेलं असे. हे मंडळ दुपारी डबा खाऊन खुर्चीतच डुलकी काढायचं.

टेबल वरच्या मजल्यावर होतं, जिन्याच्या तोंडाशी, कोऱ्या कागदाच्या रिमांच्या आडोशाला. खाली यंत्र सुरू झालं की टेबलाला बारीक कंप सुटायचा आणि त्यांचा काढून ठेवलेला चष्मा हळूहळू कडेकडे सरकायचा. पडणार असं वाटलं की ते न बघता हात लांब करून तो मागे ढकलायचे. चष्मा पडलेला मी कधी पाहिला नाही. पण तो सरकायचा थांबलेलाही पाहिला नाही.

ते कधीकाळी एका कॉलेजात तात्पुरते शिकवत होते. कायम झाले नाहीत. एवढंच आम्हाला ठाऊक. पुस्तकाच्या दुकानावरून जाताना ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जात. आमची गाइडं तिथं दर्शनी मांडलेली असत आणि मुलं ती विकत घेऊन लगेच पिशवीत खाली सरकवत. वर्गात शिक्षक गाइडाच्या नावानं बोटं मोडत आणि टेबलाच्या खणात त्याची एक प्रत ठेवत. सगळ्यांना लागणारं आणि सगळ्यांनी लपवायचं, असं हे काम. कोणी विचारलंच तर सर म्हणत, “लिहितो थोडंफार.” समोरच्याला वाटे, कविता वगैरे असेल. सर तसं वाटू देत.

त्यांची कामाची रीत मात्र पक्की होती. प्रश्न हातात आला की आधी शेवटच्या शब्दाखाली रेघ. ‘चर्चा करा’ असेल तर दोन्ही बाजू. ‘परीक्षण करा’ असेल तर आधी स्तुती, मग टीका. ‘स्पष्ट करा’ असेल तर प्रश्नच ताणून लिहायचा. मुद्दे पाचच. “मुलं हाताच्या बोटांवर पाठ करतात,” ते म्हणत. “सहावा मुद्दा दिला तर परीक्षेत बूट काढावा लागेल.” मग उदाहरण. आणि शेवटी निष्कर्ष, तो ठाम. निष्कर्षात ‘कदाचित’ लिहिणाऱ्या मुलाला परीक्षक घाबरट समजतात, असं त्यांचं मत.

उदाहरणं ते आजूबाजूची उचलत. राज्यशास्त्रात एका उत्तरात असा राज्यकर्ता होता, जो सगळ्यांचं ऐकून घेतो आणि करतो तेच, जे त्यानं सकाळी अंघोळ करताना ठरवलेलं असतं. ते आमचे मालक. मालकांनी स्वतः ते वाचलं आणि मान डोलावून म्हणाले, “असतात बुवा असे लोक.” मानसशास्त्रात मी होतो: दिवसभर इतरांच्या चुका काढणारा एक इसम, जो घरी जेवताना मीठ कमी आहे हे सांगायलाही घाबरतो. मी हसलो, पण ते पान दोनदा वाचलं. आमच्याकडे कोणी जास्त बोलायला लागलं की दुसरा म्हणायचा, “आवरा, उदाहरणात जाल.”

त्यांना वाढवलं ते थोरल्या बहिणीनं. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे. ताई शाळा सोडून एका हॉस्पिटलच्या कपडेघरात लागली. चादरी मोजून घ्यायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या, ज्यांचा डाग गेला नाही त्या परत धुवायला पाठवायच्या. त्या चादरींवर सरांचं कॉलेज झालं. आता पन्नाशीच्या आसपास तिला कपडेघराची प्रमुख करायचं घाटत होतं. तिच्याहून ते काम जाणणारं तिथं कोणी नव्हतं, पण त्या खुर्चीला पदवी लागत होती. तिनं बाहेरून परीक्षा द्यायचं मनावर घेतलं, एकेक वर्ष पार केलं आणि शेवटच्या वर्षाला विषय कुठला घेऊ म्हणून भावाला विचारलं. सर म्हणाले, “समाजशास्त्र घे. सोपं असतं. आपल्याच घरातलं लिहायचं असतं.”

हे ते बोलून गेले, आणि बहुधा रस्त्यात घरी जाताना त्यांना आठवलं असावं. इतिहासाचं गाइड त्यांनी तिला नेऊन दिलं. राज्यशास्त्राचं दिलं. समाजशास्त्राचं देईनात. “नवी आवृत्ती येतेय, थांब थोडी,” असं सांगत राहिले.

एका दुपारी मी जिन्यावर चहा घेत उभा होतो, तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले. हे नवीनच होतं. ते कधी कोणाच्या शेजारी उभे राहत नसत.

“समाजशास्त्र मशीनवर गेलं का?”

“उद्या जाईल, सर.”

“त्यातलं एक उत्तर काढता येईल का?”

“कुठलं?”

खाली फिरणाऱ्या यंत्राकडे बघत ते म्हणाले, “नवऱ्यानं टाकलेल्या स्त्रीचं.”

ते उत्तर मला तोंडपाठ होतं. शहरातल्या सगळ्या क्लासवाल्यांना होतं. ‘परित्यक्ता स्त्रीचे समाजातील स्थान सोदाहरण स्पष्ट करा.’ पाच मुद्दे कोणीही लिहिले असते. उत्तर गाजलं ते उदाहरणामुळं. एका बाईला नवऱ्यानं सोडलेलं असतं. शेजाऱ्यांना ती सांगते की तो जहाजावर नोकरीला आहे. आणि वर्षातून एकदा ती दूरच्या पोस्टात जाऊन स्वतःलाच पार्सल पाठवते. पोस्टमन ते घेऊन आला की दारातच सगळ्यांसमोर उघडते. कधी शाल, कधी कपांचा सेट. आणि म्हणते, ‘एवढ्या लांबून यांना कशी आठवण राहते, कोण जाणे.’ निष्कर्ष असा होता: ‘अशा स्त्रिया खोट्या प्रतिष्ठेच्या आधारे जगतात व अखेर आत्मसन्मान गमावून बसतात.’

“आमची ताई आहे ती,” सर म्हणाले.

त्यांनीच पुढं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

“पार्सलवरचा पत्ता मी लिहितो. तिचं अक्षर शेजारी ओळखतात ना. दर वर्षी ती दोरा बांधून तयार ठेवते, मी जातो आणि लिहितो. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. ती म्हणते, ‘अक्षर जरा तिरकं काढ, जहाज हलतं ना.’ आणि हसते.” ते थांबले. “त्या दिवशी मला उदाहरण हवं होतं. खालून माणूस येऊन उभा होता, मॅटर द्या म्हणून. दुसरं काही सुचलं नाही. तिच्या हातात हे पुस्तक कधी पडेल असं वाटलंच नाही हो. ती काय परीक्षेला बसणार होती?”

मी त्यांना घेऊन मालकांकडे गेलो. मालक टेबलावर पाय ठेवून बसले होते, आम्हाला बघून त्यांनी एकच पाय खाली घेतला.

“ते उत्तर काढायचं? सर, मग मुखपृष्ठच काढा की! क्लासवाले फोनवर दुसरं काही विचारतच नाहीत. पार्सलवाली बाई आहे ना यंदा, एवढंच विचारतात. नवऱ्यानं एकदा घराबाहेर काढलं बिचारीला, आता तुम्ही काढताय?” आणि ते स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले.

सर भिंतीकडे बघत म्हणाले, “मग उदाहरण बदलतो.”

“का पण?”

“जुनं झालं.”

“बदला. माझी ना नाही. पण पानं लागून झालीत. तेवढ्याच ओळींत बसलं पाहिजे. एक ओळ वर नको, एक खाली नको. आणि आज संध्याकाळच्या आत.”

त्या दुपारी सरांनी डबा उघडला नाही. रिमांच्या आडोशाला त्यांची पाठ दिसत होती. ते लिहीत, वाचत, आणि कागद चुरगळत. मी मध्ये एकदा डोकावलो. त्यांनी पहिल्यांदा एक बाई बेतली होती, जी कोर्टात जाते. मग एक, जी आश्रमात जाते. सगळ्या बायका प्रश्नपत्रिकेतून उठून आल्यासारख्या वाटत होत्या. त्यांना चेहरा नव्हता, हात नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसानं इतकी वर्षं सगळ्या शास्त्रांमध्ये एकही खोटं उदाहरण लिहिलेलं नाही. त्यांना ते येतच नव्हतं.

ऊन कलल्यावर त्यांनी कागद आणून दिला. आता बाई शिक्षिका होती. तिला दोन मुलं होती. नवरा जहाजाऐवजी खाणीत होता. घराला वेगळा रंग, वेगळं गाव. पण पार्सल तिथंच होतं.

“सर, पार्सल?”

“पार्सल काढलं तर राहतं काय?” ते म्हणाले. आवाजात लाज नव्हती, कारागिराची चीड होती. “खुंटीच ती. बाकी सगळं बदललंय. शिक्षिका केली, पोरं दिली. कोण ओळखणार?”

मी ओळी मोजल्या. दोन कमी पडत होत्या. जहाजाबरोबर समुद्रावरची दोन वाक्यं गेली होती. तसं सांगितलं. सरांनी माझ्याच टेबलाशी वाकून, माझंच पेन घेऊन, एक वाक्य आत घातलं: ‘हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पार्सलवरील पत्तासुद्धा ती दुसऱ्या व्यक्तीकडून लिहून घेते.’

“बघा, बसलं,” ते म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं. जागा भरल्याचं समाधान. उत्तरात कुठं भोक उरलं की ते हाताला लागेल त्या कापडानं बुजवायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. आणि हाताला लागलं ते हेच, जगात दोघांनाच ठाऊक असलेलं. त्यांना ते दिसलं नाही. मला दिसलं, मी बोललोही, “सर, हे जरा…” पण खालून मालक ओरडले, आणि कागद गेला.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता. रात्रीतून त्यांना उमगलं असावं. यंत्र सुरू होतं. त्यांनी जिन्यावरूनच पाहिलं, मोठाली पानं एकावर एक पडत होती. ते खाली गेले नाहीत. टेबलाशी बसले आणि तत्त्वज्ञानाचा एक प्रश्न पुढे ओढला.

गाइड ताईकडे त्यांनी नेलं नाही. पण गाइड थांबत नसतं. शेजारची एक मुलगी त्याच परीक्षेला बसत होती, तिनं दुकानातून आणलं. सर ताईकडे जाईनासे झाले. ताईनंही बोलावलं नाही. परीक्षा झाली. शेवटचा पेपर होऊन आठवडा उलटल्यावर ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, “येता का जरा? एकट्याला पाऊल उचलत नाही.”

ताई दुसऱ्या मजल्यावर राहायची. लांब गॅलरी, ओळीनं दारं, दारांपुढं पायपुसणी. भर दुपार असूनही दोन-तीन बायका बाहेर बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांचं बोलणं थांबलं आणि आम्ही पुढं गेल्यावर लगेच सुरू झालं नाही. सर मान खाली घालून, त्या बायकांच्या पायांजवळून चालत गेले.

“या,” ताई म्हणाली. उंच, हाडकुळी बाई. हात कोपरापर्यंत कोरडे, साबणाच्या पाण्यानं झालेले असतात तसे. “हे कोण?”

“प्रुफं बघतात आमच्याकडे.”

“म्हणजे चुका काढतात. बरं झालं आणलंस.”

तिनं चहा टाकला. खोली लहान, नीटनेटकी. फळीवर कपांचा सेट होता, सहाच्या सहा, पण चहा तिनं आम्हाला स्टीलच्या पेल्यांत दिला. सर पेला हातात घेऊन बसले. मग त्यांनी विचारलं,

“पेपर कसे गेले?”

“इतिहास बरा गेला. राज्यशास्त्रात तुझ्या मालकाला लिहिलं. पोट धरून हसू येत होतं हॉलमध्ये.”

“आणि…”

“आला होता तुझा प्रश्न.”

ताई पलंगावर बसली आणि धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून एक चादर ओढून घड्या घालू लागली. घडी घालताना ती आमच्याकडे बघत नव्हती, चादरीच्या कडांकडे बघत होती.

“आम्ही गॅलरीतच अभ्यास करायचो. ती पोरगी मोठ्यानं वाचायची, मी मुद्दे बोटांवर घ्यायची. बाकीच्या भाजी निवडत ऐकायच्या. त्यांचाही वेळ जायचा. तर त्या दिवशी तिनं हे वाचलं. आधी मला काय वाटलं, सांगू? वाटलं, जगात माझ्यासारखी आणखी एक आहे. शिक्षिका आहे, दोन पोरं पदरात, नवरा खाणीत म्हणून सांगते, बिचारी. देवाशपथ सांगते, मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आपण एकट्याच खुळ्या नाही.” तिनं चादर फिरवली. “मग पोरीनं पुढचं वाक्य वाचलं.”

“ताई…”

“पत्ता दुसऱ्याकडून लिहून घेते.”

“कोणी हसलं का?” सरांनी विचारलं.

“हसतील कशाला? कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मीही म्हटलं असतं, काय गं बाई, लोक तरी काय काय करतात! निभावलं असतं. पण सगळ्यांनी एकदम भाजीत माना घातल्या. तेव्हा कळलं मला. यांना आधीपासूनच ठाऊक आहे. इतकी वर्षं कौतुक करत होत्या, कपाला हात लावून बघत होत्या, ते माझ्यासाठी.”

बाहेर कोणीतरी बादली उचलली. ताई थांबली, मग आवाज न वाढवता म्हणाली, “मला विचारायचंस रे. मी दुसरं सांगितलं असतं एखादं. हॉस्पिटलात उदाहरणांना काय तोटा?”

“चुकलं माझं.”

“चुकलं कसं? पैकीच्या पैकी पडतात म्हणे त्याला.”

सरांनी पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला. शेवटी म्हणाले, “सोडलास ना तो प्रश्न? पर्याय असतो.”

“होता ना पर्याय. लोकसंख्या. तो मला येत नव्हता.” तिनं घडी छातीशी धरून हनुवटीनं दाबली आणि खालचं टोक वर घेतलं. “आणि वर्गात काय झालं, ऐक. प्रश्नपत्रिका वाटली, आणि सगळ्या पोरींचे चेहरे खुलले. अगदी एकदम. पेनं सुरू झाली. माझ्या पुढं, मागं, बाजूला, सगळ्या माझं पार्सल लिहीत होत्या. माझ्या दारात इतकी माणसं कधी जमली नव्हती. मी जरा वेळ बसून राहिले. वर्गावर देखरेखीला असलेली बाई आली, म्हणाली, मावशी, बरं वाटत नाही का? म्हटलं, नाही हो, आठवतेय.”

मी पायपुसण्याकडे बघत होतो. सरांकडे बघण्याची माझी छाती होत नव्हती.

“मग लिहिलं,” ताई म्हणाली. “पाची मुद्दे लिहिले. उदाहरण लिहिलं. शिक्षिका, दोन पोरं, सगळं. पत्त्याचंही लिहिलं. म्हटलं, मार्क कशाला सोडा? खुर्ची हवीय ना मला.”

“निष्कर्ष?” सरांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी का विचारला, देव जाणे. सवयीनं विचारला असेल. किंवा त्यांना वाटलं असेल, तिथं तरी तिनं काही वेगळं लिहिलं असेल. नुसतं एक ‘कदाचित’ तरी. ते पुढं वाकले होते. ताईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर खोलीत काहीतरी हललं असतं.

“तुझाच लिहिला,” ती म्हणाली. “आत्मसन्मान गमावून बसतात, तोच. मी पुष्कळ वेळ विचार केला रे. पण मला दुसरा सुचेना.”

तिनं ती चादर ढिगावर ठेवली आणि पुढची घेतली. “चहा पी, निवतोय.”

सर उठले. पेला तसाच भरलेला होता. दाराशी जाऊन त्यांनी चपला पायात सरकवल्या, त्यातली एक नीट बसली नाही तरी खाली वाकले नाहीत. ताई घडी घालत राहिली. गॅलरीतल्या बायकांनी पाय आवरून घेऊन वाट करून दिली आणि ते मधून निघून गेले.